माझ्याच पेशी मला परत

"स्टेम सेलनं बऱ्या झाल्या बाई," असं गावात माझ्याबद्दल बोललं जातं. ऐकायला बरं वाटतं, पण माझ्या कॅन्सरवर जे काही काम केलं ते मेल्फॅलन नावाच्या किमोच्या औषधानं. त्या औषधानं माझी अस्थिमज्जा पार जाळून टाकली, ती स्टेम सेलनी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींनी, पुन्हा उभी केली. त्यांचं काम तेवढंच. तेवढंच म्हणते खरी, पण ते झालं नसतं तर आज हे लिहायला मी नसते.

हा फरक एकदा लक्षात आला की गुडघ्याला स्टेम सेल चालतात का, मतिमंदत्वाला चालतात का, साखरेला चालतात का, या प्रश्नांची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात असं माझं मत झालंय. हे प्रश्न मला सतत विचारले जातात, कारण आमच्या पंचक्रोशीत "स्टेम सेल केलेली" मी एकटीच. तेव्हा आधी माझ्यावर नक्की काय झालं ते सांगते.

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. वय चोपन्न. सुरुवात कंबरदुखीनं झाली. बाईमाणसाची कंबरदुखी म्हटलं की कॅल्शियमच्या गोळ्या, मलम आणि पट्टा हा क्रम ठरलेला. हिमोग्लोबिन आठवर आलं तेव्हाही "पाळी जायच्या वयात होतं असं" हेच ऐकायला मिळालं. मग एकदा फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला हात उंचावला आणि पाठीत अशी कळ गेली की खडू हातातून पडला. एमआरआयमध्ये एक मणका दबलेला निघाला. हाडांच्या ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी मणक्याऐवजी रक्ताचा रिपोर्ट आधी वाचला, हे माझं नशीब. ईएसआर शंभराच्या पुढे, ग्लोब्युलिन वाढलेलं. त्यांनी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून आलेखावर दाखवणारी तपासणी, करायला सांगितलं. त्या आलेखावर जिथे बुटका उंचवटा असायला हवा तिथे उंच, अरुंद सुळका होता. मल्टिपल मायलोमा.

आपल्या मज्जेत प्लाझ्मा पेशी असतात, त्या जंतूंशी लढणारी प्रथिनं तयार करतात. त्यांतली एखादी पेशी बिघडते आणि तिच्याच नकला वाढत जातात. सगळ्या मिळून एकच निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहतात. आलेखातला सुळका तो त्याचाच. हाडं पोखरली जातात, मूत्रपिंडं तुंबतात, चांगलं रक्त तयार व्हायला जागा उरत नाही.

पुण्यात उपचार सुरू झाले. बोर्टेझोमिबचं पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, लेनॅलिडोमाइडच्या कॅप्सूल आणि डेक्सामेथासोन. लेनॅलिडोमाइड आपल्याकडे जेनेरिक मिळतं म्हणून माझ्यासारखीला झेपलं. डेक्साच्या गोळ्या घेतल्या की रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही. पहाटे तीनला उठून मी फडताळातले पितळी डबे घासत बसायचे. माझे मिस्टर म्हणायचे, घर इतकं लखलखीत लग्नानंतर पहिल्यांदाच झालंय.

काही महिन्यांत सुळका खाली आला आणि डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटचा विषय काढला. इचलकरंजीचा माझा भाऊ लगेच उठून उभा राहिला, "माझा बोन मॅरो घ्या." डॉक्टर हसले. म्हणाले, "तुमचा नको, ताईंचाच घेणार." मायलोमात मेल्फॅलन मोठ्या मात्रेत दिलं तर ते उरलेल्या कॅन्सरपेशींना चांगलंच झोडपतं. पण ती मात्रा, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम, मज्जाही संपवते. म्हणून रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी आधी काढून ठेवायच्या, मग औषध द्यायचं आणि औषध शरीरातून निघून गेलं की पेशी परत सोडायच्या.

"मग मी बरी होईन?" मी विचारलं.

"आजार दबेल. बऱ्याच वर्षांसाठी, अशी आशा करू. कायमचा जाईल असं मी सांगणार नाही."

माझी मुलगी फार्मसी शिकलेली. तिनं रात्री बसून कागद काढले. २०१७ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ७०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली होती. निम्म्यांना नुसती औषधं, निम्म्यांना औषधं आणि ट्रान्सप्लांट. आजार परत डोकं वर काढेपर्यंतचा मध्यम काळ औषधांच्या गटात ३६ महिने, ट्रान्सप्लांटच्या गटात ५०. अमेरिकेतल्या २०२२ च्या चाचणीत तो ४६ विरुद्ध ६७ महिने. मात्र किती जण जिवंत राहिले हे बघितलं तर दोन्ही चाचण्यांत दोन्ही गट जवळपास सारखेच होते. म्हणजे ट्रान्सप्लांटनं आजाराशिवायची वर्षं वाढतात. आयुष्यच वाढतं, असं तेवढ्या काळात तरी दिसलेलं नाही. आजच्या औषधांच्या जमान्यात ट्रान्सप्लांटमधून जिवावर बेतण्याचा धोका शंभरात एक-दोन. हे सगळं जेवणाच्या टेबलावर मांडून आम्ही चौघांनी ठरवलं की करायचं. सव्वा ते पावणेदोन वर्षं जास्त बिनआजाराची मिळणार असतील तर मला ती हवी होती. दुसऱ्या कुणी नको म्हटलं असतं तर त्यालाही मी चूक म्हणणार नाही.

पेशी काढायला हाडात सुई घालतील अशी माझी समजूत होती. आता बहुतेक वेळा तसं करत नाहीत. जी-सीएसएफची इंजेक्शनं रोज घ्यायची, त्यानं मज्जेतल्या मूळ पेशी भराभर वाढतात आणि रक्तात उतरतात. या दिवसांत छातीचं मधलं हाड आणि माकडहाड आतून ठणकतं. सिस्टर म्हणाल्या, "दुखतंय ना? म्हणजे कारखाना चालू झालाय." त्यावर मला पॅरासिटामॉल दिलं.

मग मानेत जाड लाइन टाकली आणि मला अफेरेसिसच्या मशीनला जोडलं. एका नळीतून रक्त बाहेर जातं, मशीनमध्ये गरगर फिरून त्याचे थर वेगळे होतात, हवा तो थर पिशवीत आणि बाकीचं रक्त दुसऱ्या नळीनं परत अंगात. चार-पाच तास आडवं पडून राहायचं. रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये सायट्रेट असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. त्यामुळे ओठांना मुंग्या येतात, मग बोटांना. सांगितलं की लगेच कॅल्शियम सुरू करतात. सांगायला लाजू नका, एवढी एक सूचना या वाटेनं जाणाऱ्यांना मी जरूर करेन.

संध्याकाळी सीडी३४ चा आकडा आला. मूळ पेशींच्या अंगावरची ही खूण, तिच्यावरून त्या मोजतात. वजनाच्या किलोमागे किमान २० लाख पेशी लागतात, ४०-५० लाख मिळाल्या तर उत्तम. माझ्या कमी पडल्या. लेनॅलिडोमाइड जास्त घेतलं गेलं की पेशी हट्टी होतात म्हणे. रात्री प्लेरिक्साफोर नावाचं इंजेक्शन दिलं. मूळ पेशी मज्जेत एका ठरावीक रेणूला धरून बसलेल्या असतात, प्लेरिक्साफोर ती पकड सोडवतं. सकाळी पुन्हा मशीन, आणि या वेळी पिशवी भरली. गंमत अशी की परत अंगात सोडल्यावर त्या पेशी त्याच रेणूच्या खुणेनं मज्जेचा पत्ता शोधतात. कुणी वाट दाखवावी लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे गुडघ्याच्या वेळी लागेल.

मेल्फॅलनच्या दिवशी हातात बर्फाची वाटी दिली. औषध चालू व्हायच्या आधीपासून ते संपल्यावर बराच वेळ बर्फ चघळत राहायचा. तोंडातल्या रक्तवाहिन्या थंडीनं आकसतात, तिथे औषध कमी पोचतं आणि तोंड कमी सोलवटतं. इतक्या महागड्या उपचारात सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट फ्रीजमधली निघाली.

दुसऱ्या दिवशी नातेवाइकांचे फोन. "ऑपरेशन किती वाजता?" ऑपरेशन नव्हतंच. भूल नाही, थिएटर नाही. रक्तपेढीच्या फ्रीजमधून चार अंशांवर ठेवलेली फिकट लालसर पिशवी आली, रक्त चढवावं तशी चढवली, अर्ध्या तासात संपली. पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचीही पद्धत आहे. पण मेल्फॅलनचं काम एका दिवसात आटोपतं, त्यामुळे आपल्याकडे बरीच केंद्रं न गोठवताच ठेवतात. खर्च वाचतो, आणि गोठवताना घालतात त्या रसायनाचा वासही वाचतो. वॉर्डातल्या मावशी रिकामी पिशवी बघून म्हणाल्या, "एवढ्याशानं सगळं रक्त तयार होणार? म्हणजे विरजणच की हो." अगदी विरजणच. चमचाभर पुरतं, पण लागतं ते दुधालाच. पाण्यात घातलं तर दही होत नाही.

त्यानंतरचा काळ वाईट. पांढऱ्या पेशी शंभरापर्यंत खाली. जुलाब, उलट्या, तोंडाला लोखंडाची चव. दही, कोशिंबीर, कच्चं फळ बंद. कुकरमधून काढलेला गरम मऊ भातही तीन घासांपुढे जाईना. थंडी वाजून ताप आला तेव्हा दहा मिनिटांत दोन डॉक्टर, जंतूंच्या तपासणीला रक्त घ्यायच्या बाटल्या आणि जड अँटिबायोटिक. प्लेटलेट द्यायला शाळेतले दोन तरुण शिक्षक साताऱ्याहून आले, काचेतून हात हलवून गेले. आंघोळीनंतर केस हातात आले तेव्हा फारसं काही वाटलं नाही, तेवढी ताकदच नव्हती. सकाळी सातला निवासी डॉक्टर दारात उभी राहून आकडा सांगायची. शंभर. शंभर. शंभर. मग एक दिवस तिनं मास्कच्या आडून दोनशे ऐंशी म्हटलं आणि मिस्टरांनी तो आकडा वर्तमानपत्राच्या कडेला लिहून ठेवला. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, लागोपाठ तीन दिवस पाचशेच्या वर राहिले की पेशी रुजल्या म्हणायचं. साधारण दहा ते चौदा दिवसांत हे होतं. माझंही झालं.

या वॉर्डात मी इतरांचंही बघत होते. शेजारच्या खोलीत उल्हासनगरचा सिंधी मुलगा होता, थॅलॅसेमिया मेजर. जन्मापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं हेच त्याचं आयुष्य. त्याला मोठ्या बहिणीची मज्जा मिळणार होती. एचएलए, म्हणजे पेशींवरची आपलं-परकं ओळखायची खूण, जुळण्याची शक्यता प्रत्येक सख्ख्या भावंडाची चारात एक, आणि त्यांची जुळली होती. इथे हिशेब माझ्यापेक्षा फार वेगळा. त्याचा आजारच मूळ पेशीत आहे, तिला हिमोग्लोबिन नीट तयार करता येत नाही. दुसऱ्याची धडधाकट पेशी रुजली की आजार मुळापासून जातो. मूल लहान असेल, सतत रक्त चढवून साठलेल्या लोहाचा यकृतावर फार भार झालेला नसेल आणि भावंड पूर्ण जुळत असेल तर शंभरातली पंचाऐंशी ते नव्वद मुलं रक्ताच्या फेऱ्यांतून सुटतात. उशीर झाला की हा आकडा घसरतो. त्याच्या वडिलांना कोल इंडियाच्या थॅलॅसेमिया बाल सेवा योजनेतून दहा लाखांपर्यंतची मदत मंजूर झाली होती. २०१७ पासून चालू असलेली ही योजना अजून कितीतरी पालकांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. तरुण वयातल्या ॲप्लास्टिक ॲनिमियाचंही असंच, मज्जाच वाळून गेलेली असते आणि जुळणारं भावंड मिळालं तर निकाल फार चांगले असतात.

ल्युकेमियासारख्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये चित्र मधलं. तिथे दात्याच्या पेशी रक्त तर तयार करतातच, शिवाय उरलेल्या कॅन्सरपेशींना परकं ओळखून मारतात. तेवढ्यापुरत्या त्या खऱ्या अर्थानं औषध. पण तोच परकेपणा उलटला तर त्या रुग्णाच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावरही तुटून पडतात. आणि सगळं सुरळीत होऊनही ल्युकेमिया परत येऊ शकतो. कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीतल्या पोराचा आला. त्याची आई माझ्याकडे साखर मागायला यायची, ती यायची थांबली. त्याबद्दल याहून जास्त लिहिता येणार नाही.

भारतात पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. ही पद्धत घडवणाऱ्या डोनाल थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं. म्हणजे रक्ताच्या बाबतीत स्टेम सेल ही काही नवलाई राहिलेली नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा सिस्टेमिक स्क्लेरोसिस या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांच्या निवडक रुग्णांना ट्रान्सप्लांटचा फायदा होतो तोही याच मार्गानं. बिथरलेली प्रतिकारशक्ती औषधानं पुसायची आणि मूळ पेशींकडून नव्यानं उभी करायची. सगळीकडे रक्ताच्या पेशीला रक्ताचंच काम सांगितलेलं आहे.

घरी आल्यावर केस उगवायच्या आधी फोन सुरू झाले. पहिला कराडच्या वन्संचा. त्यांच्या हातात एका क्लिनिकचं रंगीत पत्रक होतं: पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल गुडघ्यात टोचणार, कूर्चा नवी होणार, ऑपरेशन टळणार. "तू केलंयस, तू सांग," म्हणाल्या.

वन्सं, त्या पेशी वेगळ्या. चरबीतून किंवा मज्जेतून निघणाऱ्या या मेसेंकायमल पेशी काचेच्या बशीत, ठरावीक द्रव घातला तर कूर्चेसारख्या होतात, हे खरं. पण दुखऱ्या गुडघ्यात टोचल्यावर त्या तिथे घर करून नवी कूर्चा बांधतात असं दिसत नाही. बहुतेक थोड्या काळात मरून जातात. जाता जाता सूज कमी करणारी काही द्रव्यं सोडतात, त्यानं कुणाला काही महिने आराम पडत असेल. अमेरिकेत पावणेपाचशेच्या आसपास रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मज्जेतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या अशा तिन्ही प्रकारच्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली. वर्षानंतर स्टेरॉइडपेक्षा एकही सरस ठरली नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन किती स्वस्त, ते कुणालाही माहीत आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडे बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या औषधाला गुडघ्यासाठी २०२२ साली सरकारी मंजुरी मिळालेली आहे. त्याआधी तेच औषध तंबाखूमुळे होणाऱ्या बर्गर रोगात, पायाच्या रक्तवाहिन्या बंद होऊन जखमा चिघळतात त्यासाठी मंजूर झालं होतं. पण ते दात्यांच्या मज्जेतून प्रयोगशाळेत वाढवलेलं, मात्रा ठरलेलं, चाचण्यांतून गेलेलं उत्पादन. सकाळी चरबी काढून दुपारी टोचायची ती वस्तू निराळी. पत्रकात दोघांचं नाव एकच असतं, हीच पंचाईत. वन्संच्या एक्सरेत तर हाडाला हाड लागलेलं, तिथे कुठलीच पेशी काय करणार? त्यांनी पुढे सांधा बदलून घेतला आणि आता त्या मला चालायला चल म्हणून मागे लागतात.

डोळ्याचं मात्र मला मनापासून कौतुक आहे, आणि त्याला कारण शाळा. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी पोरं दाबत बसतात, ती फुटते आणि चुना डोळ्यात जातो. बुबुळाच्या कडेला मूळ पेशींची एक पट्टी असते, तीच बुबुळावरचं पारदर्शक आवरण आयुष्यभर नवं करत राहते. चुन्यानं ती जळाली की बुबुळावर पांढरट पडदा चढतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ साली मांडलेली पद्धत अशी: चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घ्यायचा, त्याचे आणखी बारीक कण करायचे आणि जळालेल्या डोळ्यावर बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचा पातळ पडदा अंथरून त्यावर चिकटवायचे. प्रयोगशाळा नाही, पेशी वाढवायचा खर्च नाही. चारांतल्या साधारण तिघांचा डोळा टिकतो. अट एकच, दुसरा डोळा शाबूत हवा. पुन्हा तेच, पेशीला तिच्याच घरचं काम. याउलट अमेरिकेतल्या फ्लोरिडात एका क्लिनिकनं तीन बायकांच्या डोळ्यांत पोटाच्या चरबीच्या पेशी टोचल्या आणि तिघींची नजर गेली. २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात तो अहवाल छापून आला.

साखरेसाठी फोन करणाऱ्यांना सांगते, बातमी खरी आहे पण तुमची नाही. टाइप वन मधुमेहात प्रयोगशाळेत स्टेम सेलपासून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच बनवतात आणि त्या यकृताच्या रक्तवाहिनीत सोडतात. २०२५ मध्ये आलेल्या निकालात पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभरानंतर इन्सुलिनच्या इंजेक्शनाशिवाय होते. केवढी मोठी गोष्ट! पण त्यांना शरीरानं पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि आपल्या घरोघरी असलेला टाइप टू मधुमेह हा निराळा आजार. पार्किन्सनमध्येही (कंपवातात) जपान आणि अमेरिकेत डोपामिन हे मेंदूतलं रसायन तयार करणाऱ्या पेशी मेंदूत घालून बघितल्या, त्या टिकल्या, सुरक्षित ठरल्या. पण माणसं मोजकी. अशा ठिकाणी मी "थांबा" म्हणते, "खोटं आहे" म्हणत नाही.

बाळंतपणाच्या वेळी नाळेतलं रक्त साठवून ठेवा, असं सांगणारेही आहेत. माझ्या भाचीला त्यांनी हप्ते करून दिले होते. मुलाला थॅलॅसेमिया असेल तर त्याच्या नाळेतल्या पेशीतही तोच दोष असणार, मग त्या त्यालाच देऊन काय उपयोग? आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, या खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही. घरात आधीच एखादं मूल आजारी असेल आणि नव्या बाळाच्या पेशी त्याला जुळणार असतील, तर गोष्ट वेगळी.

सगळ्यांत अवघड गेला तो माझ्या शाळेतल्या सहकारी बाईंचा प्रश्न. त्यांचा नातू पाच वर्षांचा, ऑटिझम. मोठ्या शहरातल्या एका ठिकाणी त्याच्या कमरेतून मज्जा काढून त्याच दिवशी पाठीच्या कण्यातून आत सोडणार होते. भूल देऊन. चार सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ. मुलाच्या वडिलांनी शेताचा तुकडा विकायला काढला होता. बाई म्हणाल्या, "तुमच्यावर चाललं ना, मग त्याच्यावर का नाही चालणार?"

मी त्यांना माझी पिशवी सांगितली, विरजण सांगितलं. मज्जेतल्या पेशी मेंदूची जोडणी बदलतात याला पुरावा नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १८० मुलांवर नाळेच्या रक्ताची रीतसर चाचणी झाली, एक तृतीयांश मुलांना खोटी सलाइन. २०२० मध्ये निकाल आला: सामाजिक वागण्याच्या मुख्य निकषावर दोन्ही गटांत फरक नाही. खोटी सलाइन मिळालेल्या मुलांतही आईवडिलांना सुधारणा दिसली होती. मुलं त्या वयात वाढत असतातच, आणि जमीन विकून आलेल्या बापाला सुधारणा दिसणारच. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानं २०२२ साली ऑटिझममध्ये स्टेम सेलची शिफारस करू नये, तसं करणं व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं स्पष्ट म्हटलंय. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: रक्ताच्या आजारांसाठीचं ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी वापर हा संशोधन समजायचा, आणि संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

बाईंना हे कागद वाचायचे नव्हते. त्यांना कुणीतरी काहीतरी करतंय हे हवं होतं, आणि आशा विकणारा नेमका तिथेच दुकान मांडतो. म्हणून मी वाद घातला नाही. फक्त एक प्रश्न लिहून दिला आणि क्लिनिकला विचारायला सांगितलं: ही चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक द्या, आणि चाचणी असून पैसे का घेता तेही सांगा. मुलाच्या वडिलांनी स्पीकरवर फोन लावला. पलीकडच्या बाई आधी गोड बोलल्या, मग "आमचा प्रोटोकॉल वेगळा असतो" म्हणाल्या, मग डॉक्टर मीटिंगमध्ये आहेत म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तिकडूनच फोन आला: या आठवड्यात बुकिंग केलं तर तीस टक्के सूट. मुलाच्या वडिलांनी तो फोन कट केला आणि जमिनीच्या दलालालाही नको म्हणून कळवलं. नातू आता साताऱ्यात स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला जातो, आजी त्याला एसटीनं नेते.